गच्चीवरची मेथी आणि कालव्याचे टोक

शहरात राहणाऱ्या माणसाने आपल्या ताटातील भाजीचा निदान एक घास तरी स्वतः पिकवावा, हा विचार गेल्या काही वर्षांत आमच्या सुशिक्षित वर्गात चांगलाच रुजला आहे. कोथरूड-औंधच्या गच्च्यांवर निळ्या पिंपांतून मेथी आणि पालक डोलताना दिसतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीवाचून भाजी वाढविण्याचे प्रयोग पाहावयास शेतकऱ्यांबरोबर शहरी मंडळीही उभी असतात. निवृत्त गृहस्थ एकमेकांस भेटले म्हणजे रक्तदाबाच्या खालोखाल गांडूळखताची चौकशी करतात. हे सारे आम्हांस मनापासून आवडते. ज्याने स्वतः वाढविलेले वांगे किडीने खाल्लेले पाहिले आहे, तो मंडईत माळणीशी घासाघीस करताना किंचित तरी नरमतो.

परंतु गच्चीवरील मेथी हा वृत्तपत्राच्या पहिल्या पानाचा विषय आहे काय, असे कोणी विचारील. कुंडीपुरता तो नाही. पण शहरातील शेती म्हणजे केवळ गच्ची, असा जो समज दृढ होत चालला आहे, त्याच्या आड दोन फार मोठ्या गोष्टी झाकल्या जात आहेत. शहराचे वापरलेले पाणी व कचरा कोठे जातो, ही एक. आणि शहराच्या हद्दीत आलेल्या काळ्या जमिनीचे काय होते, ही दुसरी. या दोहोंचा निकाल पुणे, बारामती आणि इंदापूर या तीन ठिकाणी एकाच वेळी लागत आहे, आणि तो लागत असताना आम्ही मात्र टोमॅटोच्या कुंडीची छायाचित्रे काढण्यात गुंतलो आहोत.

शहरातील शेती ही काही नवी कल्पना नव्हे. आमच्या जुन्या वाड्यांना परस असे. त्या परसात मोरीचे पाणी उघड्या पन्हाळीने येई आणि त्या पाण्यावर अळू, केळ, कर्दळ आणि शेवग्याचे एखादे झाड पोसले जाई. आडाचे पाणी पिण्यास व देवास, अळवास मोरीचे. ही वाटणी कोणत्याही तज्ज्ञाने सांगितलेली नव्हती. पाणी शेंदताना हात दुखत असत, एवढेच तिचे शास्त्र होते. मोरोपंतांच्या बारामतीतही कऱ्हेकाठच्या घरांची रीत याहून निराळी असण्याचे कारण नाही. नळ आला, हात दुखणे थांबले, आणि त्याबरोबर ती वाटणीही गेली. आजची गच्चीवरची शेती या परसाची नात आहे. पण नातीने आजीची सर्वांत मोलाची सवय उचललेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे इंदापूर तालुक्यातील एका शाळेत मास्तरकी करीत होतो. कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून परसबाग करवून घ्यावयाची, असा दंडक होता. जुलैत लावलेली बाग फेब्रुवारीपर्यंत छान चाले आणि मार्चात करपून जाई, कारण कालव्याचे आवर्तन लांबले की शाळेच्या विहिरीने तळ गाठलेला असे. एका वर्षी सातवीतील एका मुलाने पिण्याच्या पाण्याच्या टाकीखाली सांडणारे ओघळ पाहिले, दोन मित्रांस घेऊन मधल्या सुट्टीत विळ्याने एक वीतभर चर खणला, आणि तो अळूच्या वाफ्यात नेऊन सोडला. त्या वर्षी मे महिन्यात शाळेच्या आवारात हिरवे असे फक्त ते अळू होते. आम्ही वर्गात बाष्पीभवन शिकवीत होतो. चर खणण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

आता गच्चीविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली गोष्ट वजनाची. माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या सामान्य गच्चीवर दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरलेला असतो. पंधरा सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त खोलीचा ओल्या मातीचा थर पसरला, तर त्याचे वजन चौरस मीटरला पावणेतीनशे किलोंच्या घरात जाते. म्हणजे शेतातील माती उचलून गच्चीवर पसरणे हे घराच्या जिवाशी खेळणे आहे. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी ही अडचण ओळखून उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि थोडेसे खत यांवर गच्चीत भाज्या व फळे पिकवून दाखविली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे हेच सूत्र अधिक पद्धतशीर मांडले: पाला कुजवा, त्यातून माती घडवा, आणि जेवढे ऊन पानावर पडते तेवढ्याचा हिशेब ठेवा. त्या विचाराच्या आधाराने २००२ पासून मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील टाकाऊ पदार्थांतून बाग उभी केली. या साऱ्या प्रयोगांत माती विकत आणलेली नाही. ती कचऱ्यातून घडविलेली आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणि येथे बारामती-इंदापूरचा संबंध येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात ऊस तुटून गेल्यावर शेतात पाचटाचे थर पडलेले असतात. कृषी खात्याने कितीही सांगितले तरी त्यातील बराच भाग पेटवून दिला जातो. खोडवा लवकर धरावयाचा असतो आणि मजूर मिळत नाहीत. गच्चीला हलके, कुजणारे, पाणी धरून ठेवणारे द्रव्य हवे आहे, आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर तेच द्रव्य जाळले जात आहे. पुण्यातील बागप्रेमी मात्र केरळातून आलेल्या नारळाच्या काथ्याच्या विटा दुकानातून विकत घेतात! ज्या सहकारी संस्था साखरेचे पोते परदेशी पाठवू शकतात, त्यांस पाचटाचे गठ्ठे बांधून पुण्यास पाठविणे जड जाऊ नये.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती अधिक गंभीर आहे. वीस चौरस मीटरच्या वाफ्यास उन्हाळ्यात दिवसाला सुमारे शंभर लिटर पाणी लागते. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी मान आहे. म्हणजे असा एक वाफा हा घरात राहावयास आलेला आणखी एक माणूसच होय. आणि या पाहुण्यास आपण बहुधा नळाचे, प्रक्रिया केलेले, पिण्याचे पाणी पाजतो.

हे पाणी कोणाचे? पुण्याच्या नळाचे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे आहे. त्यांची एकूण साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट. १९६१ साली पानशेत फुटले, खडकवासल्याचे धरण वाहून गेले, आणि त्यानंतरच्या काळात जी पुनर्रचना झाली तीत नवा मुठा उजवा कालवा दोनशे किलोमीटरवर थेट इंदापूर तालुक्यापर्यंत नेण्यात आला. पुण्यातून निघणाऱ्या या कालव्याच्या शेवटाला पाटकऱ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सारे 'टेल' म्हणतात. टेलला राहणारा शेतकरी धरण भरल्याची बातमी ऐकून आनंदतो आणि आवर्तनाची तारीख ऐकून गप्प होतो. शहराची तहान वाढली की आवर्तन कमी होते; आवर्तन कमी झाले की वरचे गाव आधी भिजते. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, यात वाद नाही. पण गच्चीवरच्या पालकाचे पाणी हे पिण्याच्या पाण्यात गणले जाते आणि इंदापूरच्या डाळिंबाचे पाणी शेतीत, हा भेद न्यायाचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

मात्र हिशेब पुरा केला पाहिजे. पुण्यातील एक लाख गच्च्यांवर असे वाफे झाले आणि त्यांनी उन्हाळ्याचे शंभर दिवस नळाचे पाणी घेतले, तर ते शंभर कोटी लिटर होईल. एक एकर उसाला पाटाने पाणी दिल्यास वर्षाला सुमारे एक कोटी लिटर लागते. म्हणजे पुण्याच्या लाख गच्च्या मिळून शंभर एकर उसाइतके पाणी पितील. बारामती-इंदापूरच्या उसापुढे हा आकडा काहीच नाही. तेव्हा गच्चीवाल्यास चोर ठरवून ऊसवाल्यास साव म्हणण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात ठिबकाविना ऊस लावणे ही चैन आहे, आणि त्याच बारामती तालुक्यातील सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जात असताना ती अधिकच बोचते. या हिशेबातून इतकेच दिसते की, गच्चीने होणारे नुकसानही लहान आणि होणारा लाभही लहान आहे. शहराची खरी शेती गच्चीखाली, गटारात वाहून चालली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याची नगरपालिका शहरातील मैल्याचे सोनखत करून विकीत असे. खडकवासल्याचे पहिले धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले, मुठेच्या कालव्याखाली हडपसर-मांजरीकडे ऊस आणि भाजीपाला सुरू झाला, आणि तेथील बागाईतदार हे सोनखत गाड्या भरून नेऊ लागले. शहराने खाल्ले ते शेतात परत गेले आणि शेतातून भाजी होऊन शहरात परत आले. या व्यवहारात ज्या माणसांस मैला डोक्यावरून वाहावा लागला त्यांच्यावर झालेला अन्याय आम्ही विसरत नाही, आणि ती पद्धत गेली हे उत्तमच झाले. परंतु पद्धतीबरोबर विचारही गेला. पुढे नळ आले, भुयारी गटारे आली, आणि सोनखत नदीत गेले.

वास्तविक ते आजही इंदापूरला पोचते. फक्त बैलगाडीने न जाता नदीने जाते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात उतरते. १९८० च्या सुमारास पुरे झालेल्या या धरणाने पळसदेवसारखी जुनी गावे पोटात घेतली; उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील प्राचीन मंदिर अजून वर येते आणि लोक ते पाहण्यास जातात. भिगवणला रोहित पक्षी पाहण्यासाठी पुण्याहून मोटारी भरून मंडळी येतात. दुर्बिणीतून पक्षी पाहताना पायाखालच्या पाण्याचा हिरवा रंग आणि जलपर्णीचा गालिचा त्यांस दिसत असेलच. तो रंग आपल्याच घरून आलेला आहे. ज्या नत्र-स्फुरदासाठी शेतकरी दुकानात रांग लावतो, तेच आपण जलाशयात ओतून तेथील कोळ्यांचे आणि काठच्या गावांचे पाणी नासवीत आहोत.

शहाणपणाचे पाऊल पडलेच नाही असे नाही. पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून जुन्या मुठा कालव्यात शेतीसाठी सोडण्याची योजना २०१५ च्या सुमारास अमलात आली. तत्त्व निर्दोष आहे: शहराने ताजे पाणी घ्यावे, वापरावे, शुद्ध करून शेतीस द्यावे, आणि तितके धरणाचे पाणी टेलसाठी मोकळे करावे. पण शुद्धीकरण अपुरे, ही शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे, आणि अशा बाबतीत तक्रार खरी मानून पाणी तपासणे हे शहराचे कर्तव्य आहे. ती खोटी पाडणे हे नव्हे. मुंबईत लोहमार्गाच्या कडेला पिकणाऱ्या पालकाकडे प्रवासी कोणत्या नजरेने पाहतात हे सर्वांस ठाऊक आहे. पानभाजी जमिनीलगत वाढते आणि पुष्कळदा कच्ची खाल्ली जाते. तिला कच्चे सांडपाणी देणे म्हणजे रोग वाफ्यात पेरणे होय. अर्धवट शुद्ध पाणी झाडावर पिकणाऱ्या फळांस, चाऱ्यास, उसास द्यावे, कोथिंबिरीस नव्हे. एवढा भेद नियमाने घालून दिला आणि पाण्याचा तपासणी-अहवाल दर महिन्यास चावडीवर लावला, तरी निम्मी भीती जाईल.

आता जमिनीकडे वळू. हडपसर हे एके काळी पुण्याचे भाजीचे कोठार होते. शहर वाढले, जमीन हद्दीत आली, आणि मळे गेले. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी निदान एकत्र येऊन चारशे एकरांवर स्वतःच नगर वसविले आणि मालकी हातची जाऊ दिली नाही; त्यांच्या व्यवहारचातुर्याचे कौतुक केलेच पाहिजे. ज्याची जमीन रातोरात सोन्याच्या भावाची झाली, त्याने मुळे-गाजरे लावीत बसावे, असा उपदेश करण्याचा अधिकार सदनिकेत राहणाऱ्या आम्हां लोकांस नाही. पण भाजी तेथून उठली ती अधिकाधिक दूरच्या गावांतून ट्रकमधून येऊ लागली, हेही खरे आहे.

बारामती आज हडपसरच्या त्याच वळणावर उभी आहे. १८७६ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या मुलखासाठी नीरा डावा कालवा काढण्यात आला. त्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील माळाचे मळे केले. ते होण्यास दीडशे वर्षांच्या जवळपास काळ आणि शेतकऱ्यांच्या चारपाच पिढ्या लागल्या. आता नगरपालिकेची हद्द वाढून जळोची, तांदुळवाडी, रुई ही गावे शहरात आली आहेत. गेल्या दहाबारा वर्षांत महसूल कायद्यात एकामागून एक अशा सुधारणा झाल्या की, आराखड्यात जमीन निवासी विभागात रंगली की अकृषिक होण्याची वाट जवळजवळ मोकळी होते. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यातही शहरी हद्दीतील गुंठ्या-गुंठ्याच्या प्लॉटांस मोकळीक देण्याचा निर्णय सरकारने २०२५ साली जाहीर केला. ज्यांनी पोटास चिमटा घेऊन एक गुंठा घेतला आणि वर्षानुवर्षे नोंदीसाठी हेलपाटे घातले, त्यांची त्यामुळे सुटका होईल, हे आम्ही नाकारीत नाही. पण वाचकांनी एक गंमत पाहावी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मळ्याचा गुंठा मोडून त्यावर घर बांधावयाचे, आणि मग त्या घराच्या, जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या, गच्चीवर पिंपात पाला कुजवून माती करावयाची! माळेगाव खुर्दच्या मुरमाड माळावर राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी खडक फोडून, चर भरून झाडे उभी केली. माती घडविणे किती जिकिरीचे असते हे बारामतीकरांनी त्यांस विचारावे. माळावर शास्त्रज्ञ माती घडवीत असता मळ्याची तयार माती सिमेंटखाली पुरणे हे कोणत्या हिशेबात बसते?

मग काय करावे? इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर असे बंधन घातले की, नागरिकांनी मागणी केल्यास त्यांस भाजी पिकविण्यासाठी माफक भाड्याने जमिनीचे तुकडे द्यावेत. असा एक तुकडा सुमारे अडीच गुंठ्यांचा असतो, आणि ती व्यवस्था शतकाहून अधिक काळ चालू आहे. हवानात १९९१ नंतर रशियन तेल व खत बंद झाले, तेव्हा क्यूबाने शहरातील मोकळ्या जागा भाजीसाठी दिल्या, त्याही शेतीतज्ज्ञांसह. उलट अमेरिकेत महायुद्धाच्या काळात घरोघरी बागा झाल्या, १९४३-४४ मध्ये ताज्या भाजीचा मोठा हिस्सा त्यांतून आला म्हणतात, आणि युद्ध संपताच बहुतेक ठिकाणी हिरवळ परत आली. हौसेवर उभे राहिलेले हौसेबरोबर ओसरते. जमिनीचा हक्क आणि पाण्याची सोय असलेले टिकते.

बारामतीतील प्रत्येक मोठ्या अभिन्यासात नियमाप्रमाणे खुली जागा सोडावी लागते. अशा जागांवर बहुधा गाजरगवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचेच पीक येते. नगरपालिकेने त्यांतील काही जागा अर्ध्या-एका गुंठ्याच्या वाफ्यांनी, वर्षाच्या करारावर, गच्ची नसलेल्या भाडेकरूंस आणि औद्योगिक वसाहतीतील कामगारांस द्याव्यात. त्यांतील बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले आहेत. त्यांस खुरपे धरावयास शिकवावे लागणार नाही. रोपांस आणि सल्ल्यास कृषी विज्ञान केंद्र गावाशीच आहे. घंटागाडीतून आलेला ओला कचरा खत होऊन याच वाफ्यांत पडावा. नळजोड मात्र देऊ नये. जवळच्या शुद्धीकरण केंद्राचे तपासलेले पाणी वेगळ्या रंगाच्या नळातून द्यावे, आणि ते पाणी पानभाजीच्या लायकीचे होत नाही तोवर तेथे शेवगा, पपई, लिंबू आणि चारा एवढेच लावू द्यावे. गच्चीवाल्यांसाठी पुण्याच्या महापालिकेने गांडूळखत, पर्जन्यसंधारण आणि सौरऊर्जा यांस मिळकतकरात सूट देण्याची जी प्रथा ठेवली आहे, तीत मोरीचे पाणी वळविणाऱ्यांसही सामील करावे.

इंदापूरची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे मळे अजून गावाला टेकून आहेत, आणि वेशीबाहेर पडले की शेत लागते. म्हणून जे बारामतीत महागात पडणार आहे ते इंदापुरात आज फुकटात साधण्याजोगे आहे. हद्दवाढीचा आणि आराखड्याचा प्रश्न जेव्हा तेथे येईल, तेव्हा ओढ्यालगतची आणि चारीखालची जमीन शेती विभागात ठेवावी, आणि ती राखणाऱ्या शेतकऱ्यास शेजारच्या प्लॉटवाल्याच्या मानाने जो तोटा होईल त्याची भरपाई शहराने द्यावी. विकास-हक्क हस्तांतरित करण्याची सोय आपल्या नगररचनेत रस्ते व बागांसाठी आहेच. ती मळ्यासाठी का नसावी, याचे उत्तर आम्हांस अद्याप मिळालेले नाही.

आराखड्याच्या नकाशावर हिरवा रंग भरला की काम झाले, असे समजून आपण पुष्कळ वेळा फसलो आहोत. त्या हिरव्या तुकड्यास कोणत्या नाल्याचे, कोणत्या महिन्यात, किती पाणी मिळणार हे नकाशासोबतच्या अहवालात लिहिलेले आहे की नाही, ते पाहिले पाहिजे. १९६६ च्या नगररचना कायद्याने आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत चार ओळी लिहून नगरपालिकेच्या आवक-खिडकीवर द्याव्यात आणि पोच घ्यावी.